धडधड जाणवते, सूर कळत नाही : बेस गिटारवरचे वाचकांचे प्रश्न

बडोद्यात बेस गिटारवाल्यांचा हंगाम गणपतीच्या पहिल्या दिवसापासून नवरात्राच्या शेवटच्या रात्रीपर्यंत चालतो. आधी मंडपातली भावगीतांची आणि सिनेसंगीताची मैफल, मग मोकळ्या मैदानातला गरबा. या काळात आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रे थोडी आखडती केली आहेत.

प्रश्न : आमचा सात जणांचा ऑर्केस्ट्रा आहे. लोक म्हणतात, बेसची धडधड छातीत जाणवते, पण काय वाजवतोस ते कळत नाही. ॲम्पवरचा बेसचा नॉब पूर्ण फिरवून पाहिला, फरक नाही. सध्या ॲम्प 100 वॅटचा आहे. 300 चा घेऊ का? (दांडिया बाजार)

पैसे खर्च करण्याआधी तो नॉब मागे घ्या. तुमचा त्रास तिथूनच सुरू झालाय.

बेसची सर्वांत जाड खुली तार 41 हर्ट्झला वाजते. पण तो सूर नेमका कोणता, हे कान त्या 41 वरून फारसे ओळखत नाही. त्याच्या वर 82, 123, 164 अशी जी स्वयंभू स्वरांची माळ उमटते, तिच्यावरून ओळखतो. बोट तारेवरून सुटल्याचा ठसा तर आणखी वर, सातशे-आठशे हर्ट्झपासून पुढे असतो. म्हणजे सूर कळायचा तर मध्य पट्टा शाबूत हवा. बेसचा नॉब पूर्ण आणि ट्रेबल पूर्ण, मधला खाली, ही मांडणी खोलीत एकट्याने वाजवताना फार गोड लागते. ढोलक, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड सुरू झाले की त्यातून फक्त घुमारा उरतो.

शिवाय त्याची किंमत वॅटमध्ये मोजावी लागते. 3 डेसिबल वाढवायला दुप्पट वॅट लागतात. बेसचा नॉब 12 डेसिबलने चढवला, तर त्या पट्ट्यासाठी ॲम्पकडे सोळापट ताकद मागितली. 100 वॅटचा ॲम्प तिथेच संपतो आणि आवाज फाटायला लागतो.

असे करा. सगळे नॉब घड्याळाच्या काट्यासारखे बारा वाजता, म्हणजे मधोमध, ठेवा. सगळ्यांनी मिळून एखादे भरगच्च गाणे सुरू करायचे. एकट्याने वाजवून ठरवायचे नाही. बेस दहा-अकरा वाजेपर्यंत कमी करा. ॲम्पवर मध्य पट्ट्याची जागा सरकवणारा नॉब असेल, तर मिड चांगला वाढवून तो नॉब 200 पासून 1000 पर्यंत सावकाश फिरवा. एका ठिकाणी आवाज डब्यातून आल्यासारखा होईल, बहुधा 200 ते 300 च्या दरम्यान. तिथे मिड थोडा कापायचा. दुसऱ्या ठिकाणी, 500 ते 800 मध्ये कुठेतरी, सूर एकदम समोर येऊन उभा राहील. तिथे 3-4 डेसिबल वाढवायचे. दोन्ही एकाच नॉबने जमत नसेल तर दुसरी जागा निवडा. एकट्याने ऐकले तर हा आवाज किंचित नाकात बोलल्यासारखा वाटेल. वाटू द्या.

तारा किती जुन्या आहेत तेही बघा. घाम आणि मळ वेटोळ्यांत बसला की वरचे स्वर मरतात, आणि मेलेल्या तारेतून मिड काढायला कुठलाच नॉब पुरत नाही. हात ब्रिजकडे (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिकडे) दोन बोटे सरकवून वाजवला तरी बराच फरक पडतो, तोही फुकट.

आता 300 वॅटचे. 100 वरून 300 ला गेलात तर जेमतेम 5 डेसिबल मिळतील. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. स्पीकरची संवेदनशीलता 95 ऐवजी 98 डेसिबल असेल तर तेवढ्यानेच वॅट दुप्पट केल्याचा फायदा होतो. खर्च करायचाच तर आधी कॅबिनेटवर, म्हणजे स्पीकरच्या पेटीवर, करा.

प्रश्न : ॲम्पच्या मागे ‘300 वॅट, 4 ओहम’ लिहिले आहे. माझे कॅबिनेट 8 ओहमचे. मित्र त्याचे 4 ओहमचे जादा कॅबिनेट देतो म्हणतो. दोन्ही लावले तर चालेल ना? (मांजलपूर)

नाही. ॲम्पवरचा 4 हा आकडा कमीत कमी भाराचा आहे, त्याच्या खाली उतरायचे नाही. 8 आणि 4 एकत्र जोडले की 2.67 ओहम होतात. ॲम्प सुरुवातीला छान जोरात वाजेल, तापेल, आणि ऐन कार्यक्रमात एकतर स्वतःला बंद करून घेईल किंवा जाईल. त्यातही वीज सारखी वाटली जात नाही: 4 ओहमवाले दोन तृतीयांश खाते, तुमच्या कॅबिनेटला एक तृतीयांशच मिळते.

8 आणि 8 जोडले तर बरोबर 4 होतात. ही सर्वांत सोयीची जोडी. एकट्या 8 ओहमवर हा ॲम्प 150 ते 180 वॅटच्या आसपास देत असेल. दुसरे 8 चे लावल्यावर पूर्ण 300 मिळतील, शिवाय हवा ढकलायला स्पीकरचा दुप्पट कागद (हलणारा पडदा). एका कॅबिनेटच्या मागून दुसऱ्याला वायर नेली तरी गणित तेच राहते, कारण ते दोन जॅक आतून समांतर जोडलेले असतात.

एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. ॲम्पपासून कॅबिनेटपर्यंत गिटारची केबल लावू नका. दोन्हींची पिन एकसारखी दिसते म्हणून ही चूक फार होते. गिटारच्या केबलमध्ये मधली तार केसासारखी बारीक आणि भोवती जाळी असते. ती तापते, वितळून शॉर्ट झाली की ॲम्प घेऊन जाते. स्पीकरला दोन पदरी, किमान 1.5 चौरस मिलिमीटरची जाड वायर हवी. स्पीकॉन (स्पीकरच्या वायरीची खास पिन) असेल तर उत्तम, ते फिरवून ‘कट्’ असे बसते आणि पायात अडकले तरी निघत नाही. व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीच सुरू करायचा नाही.

प्रश्न : गरब्याच्या मैदानात जनरेटरवर वाजवताना ॲम्पमधून सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो. माईकला ओठ लागला की झिणझिण्या येतात. साउंडवाल्याच्या मुलाने सांगितले, ॲम्पच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाक, आवाज जाईल. काढू का? (वाघोडिया रोड)

काढू नका. ज्यांनी काढली असेल त्यांना आजच परत बसवायला सांगा. ही जाड पिन म्हणजे अर्थ. ॲम्पच्या आत कधी फेज पत्र्याला चिकटली, तर वीज या पिनेतून जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर तीच वीज गिटारच्या तारांवर येऊन उभी राहते. तुमचा हात तारांवर, ओठ माईकवर. दोन्हींच्या मध्ये तुमची छाती आहे.

ओठाला येणाऱ्या झिणझिण्या ही त्याचीच पूर्वसूचना आहे. तुमचा ॲम्प आणि मिक्सर यांची जमीन एक नाही, असे त्या सांगताहेत. तेव्हा आवाजाच्या आधी विजेचे बघायचे. मल्टिमीटर चारपाचशे रुपयांत मिळतो, तो बॅगेत ठेवा. स्टेजवरच्या बोर्डात मोजमाप मंडपाच्या वायरमनकडूनच करून घ्या.

फेज आणि न्यूट्रलमध्ये 220 ते 240 व्होल्ट दिसायला हवेत. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच. इथे आकडा निम्म्यावर आला किंवा डुगडुगत राहिला, तर बोर्डात अर्थची वायर आलेलीच नाही. मंडपातल्या दोन पदरी वायरीच्या एक्स्टेन्शनमध्ये हे हमखास सापडते. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर काही नको. शेवटी मीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या ब्रिजला, दुसरे माईकच्या जाळीला लावा. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसले तर कोणीही माईकजवळ जायचे नाही. आधी जनरेटरच्या अर्थची सळई, तिची पकड आणि बोर्डापर्यंतची तिसरी तार तपासून घ्यायची. स्टेजच्या लाइनवर 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच) असावा, हा आग्रह मंडळाकडे धराच. त्याची किंमत एका रात्रीच्या फुलांच्या सजावटीपेक्षा कमी असते.

तीन फेजच्या जनरेटरचा आणखी एक धोका आहे. न्यूट्रल कुठे सैल होऊन तुटला, तर एखाद्या बोर्डावर 230 चे 350-400 व्होल्ट होतात. अशा वेळी एका क्षणात कीबोर्ड, ॲम्प, मिक्सर सगळे जाते. व्होल्टेज वाढले की लाइन तोडणारा प्रोटेक्टर म्हणूनच लावायचा.

एवढे झाले की आवाजाकडे वळू. गिटार हातात घेऊन जागेवर गोल फिरा. फिरताना ‘हूं’ कमी-जास्त झाला तर तो गिटारचा पिकअप (तारांचे कंपन टिपणारे चुंबक-वेटोळे) पकडतोय. लाइटच्या डिमरपासून आणि ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून दोन-तीन पावले दूर व्हा. दोन सिंगल कॉइल (एकेरी वेटोळ्याचे) पिकअप असलेल्या बेसवर दोन्हींचे आवाज सारखे ठेवले की बहुतेक ‘हूं’ आपोआप कापला जातो. फिरूनही आवाज तसाच राहिला आणि मिक्सरची केबल काढताच गेला, तर तो जमिनीचा फेरा, म्हणजे ॲम्प आणि मिक्सर दोन वेगळ्या वाटांनी अर्थला जोडलेत. ॲम्प, कीबोर्ड आणि मिक्सर एकाच लाइनवर घ्या. लाइटची लाइन वेगळी. तरी राहिला तर डीआय बॉक्सवरचे (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा छोटा डबा) ‘ग्राउंड लिफ्ट’चे बटण दाबा. ते फक्त आवाजाच्या केबलची जाळी सोडवते, विजेच्या अर्थला हात लावत नाही. त्यामुळे ते बटण सुरक्षित आहे आणि पिन काढणे नाही.

या ‘हूं’चा सूर 50 आणि 100 हर्ट्झचा असतो. पांढरी पाचचा (जी) खालचा सूर, म्हणजे जाड तारेचा तिसरा फ्रेट, 49 चा. पांढरी पाचमधले गाणे सुरू झाले आणि तार लावलेली असूनही बेसुरी वाटली, तर आधी हा ‘हूं’ बंद आहे का ते ऐका.

प्रश्न : मी कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवते. माझ्याकडे ॲम्प नाही, थेट मिक्सरमध्ये वाजवायचे असते. डीआय लागतोच का? साउंडवाल्या दादांना नेमके काय सांगू? (फतेहगंज)

तुमच्या बेसमध्ये बॅटरी आहे का, यावर पहिले उत्तर अवलंबून आहे. बॅटरी नसेल तर पिकअपचा सिग्नल नाजूक असतो. मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटमध्ये घातला की वरचे स्वर गळून पडतात आणि आवाज घोंगडी पांघरल्यासारखा होतो. त्याला ॲक्टिव्ह डीआय द्या. त्याचा इनपुट साधारण दहा लाख ओहमचा असतो आणि तो मिक्सरच्या 48 व्होल्टवर चालतो. बॅटरीवाल्या बेसला साधा, ट्रान्सफॉर्मरचा डीआय पुरतो. काही मिक्सरवर ‘हाय-झेड’ किंवा ‘इन्स्ट’ असे बटण असते. ते असेल आणि मिक्सर पाच-सहा मीटरच्या आत असेल, तर डीआयशिवायही भागते. मैदानात मिक्सर तीस मीटरवर असतो, तिथे डीआय हवाच.

दादांना चार गोष्टी सांगा. गेन (मिक्सरमध्ये येणाऱ्या आवाजाची पातळी) लावताना मी सर्वांत जोरात वाजवते, त्यावर लाल दिवा लागू देऊ नका. माझ्या चॅनेलवर 35-40 हर्ट्झच्या खालचे कापा, तिथे फक्त हाताची धडपड असते. ढोल किंवा किक (ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा ढोल) 60 च्या आसपास भरलेले असेल तर मला 90-100 ला जागा द्या, दोघांना एकाच पट्ट्यात वाढवू नका. आणि माझ्या मॉनिटरमध्ये (स्टेजवर स्वतःला ऐकण्याच्या स्पीकरमध्ये) 80 च्या खालचे काढून टाका; मला सूर ऐकायचा आहे, गडगडाट मैदानाच्या सबमधून (फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरमधून) येतोच. कॉम्प्रेसर (जोरदार आवाज दाबून सपाट करणारे यंत्र) असेल तर 4:1 चे प्रमाण पुरे. अटॅक (आवाज दाबायला तो घेतो तो वेळ) 30 मिलिसेकंदांच्या आसपास ठेवायला सांगा; त्याहून फार कमी केला तर बोटाचा ठसाच गिळला जातो.

केबल काढण्याआधी त्यांना हात करा आणि चॅनेल बंद झाल्याची खूण मिळेपर्यंत थांबा. त्या एका ‘धप्प’ने सबचा कागद फाटू शकतो.

प्रश्न : मुलगा यंदा अकरावीत आहे, त्याला बेस शिकायची आहे. घरी थोरल्याचा गिटारचा 20 वॅटचा ॲम्प पडून आहे. त्यावर चालेल का? आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, खालच्या आजींना त्रास नको. (कारेलीबाग)

ताई, हळू आवाजात चालेल. गिटारची सर्वांत खालची तार 82 हर्ट्झची, बेसची त्याच्या निम्मी. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी स्पीकरच्या कागदाला चौपट पुढे-मागे हलावे लागते, आणि गिटारच्या स्पीकरला तेवढी मुभा नसते. ‘फट्-फट्’ ऐकू आले की लगेच कमी करायला सांगा. नवीन घ्यायचाच तर हेडफोनची जागा असलेला 15 ते 30 वॅटचा बेसचा ॲम्प घ्या. आजींकडे आवाज हवेतून कमी, जमिनीतून जास्त जातो. ॲम्प दोन इंची फोमवर किंवा जाड दुमडलेल्या गोधडीवर ठेवा, भिंतीच्या कोपऱ्यात नको. रात्री नऊनंतर हेडफोन. त्याचा एक फायदाही होईल, त्याच्या डाव्या हाताची खरखर त्याला स्वतःला स्वच्छ ऐकू येईल.

प्रश्न : नगरगृहात वाजवताना मला स्वतःचा बेस ऐकू येत नाही आणि पहिली रांग कानांवर हात ठेवते. बेसचा आवाज दहा-पंधरा फूट पुढे गेल्यावर तयार होतो म्हणतात, ते खरे का? (रावपुरा)

ते खरे नाही. लाटेची लांबी मोठी असली तरी कान तिचा दाब जागेवरच टिपतो. तसे नसते तर हेडफोनमध्ये बेस ऐकूच आला नसता. खरे कारण साधे आहे: कॅबिनेट जमिनीवर आहे आणि तुमचे कान पाच फुटांवर. सूर ओळखायला लागणारा मध्य पट्टा सरळ रेषेत जातो, म्हणजे तुमच्या पोटऱ्यांवर आणि तिथून पहिल्या रांगेच्या तोंडावर. तुम्हाला फक्त घुमारा मिळतो, म्हणून तुम्ही आवाज वाढवता.

कॅबिनेटची पुढची कड एका विटेने उचलून ते मागे कलते करा, किंवा खुर्चीवर नीट बसवून कानाच्या दिशेने वळवा. बहुतेक वेळा मग आवाज चक्क कमी करावा लागतो. स्टेज पोकळ फळ्यांचा असेल तर खाली फोम घाला, नाहीतर अख्खा स्टेज ढोलासारखा वाजतो.

मागच्या भिंतीपासूनचे अंतर हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. भिंतीवरून परतलेली लाट मूळ लाटेला एका ठराविक सुरावर खोडते. स्पीकर भिंतीपासून 1 मीटरवर असेल तर तो सूर सुमारे 86 हर्ट्झचा असतो. ‘डी’ तारेचा तिसरा फ्रेट नेमका तिथेच, 87 वर. बाकी सगळे सूर ठणठणीत आणि हा एकच बसका, असे झाले की लोक गिटारला दोष देतात. कॅबिनेट भिंतीला टेकवा. मग स्पीकरचा कागद भिंतीपासून चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरवर येतो आणि हा खड्डा 200 च्या आसपास सरकतो. तिथे थोडे कापले गेले तर बरेच होते. भिंतीमुळे खालचा आवाज वाढेल, तेवढा बेस नॉबने काढा. मागे नुसता फ्लेक्सचा पडदा असेल तर तो भिंत नव्हे, खालचे स्वर त्यातून आरपार जातात. अंतर खऱ्या भिंतीपासून मोजा.

प्रश्न : मोबाइलवरचा मीटर 62 डेसिबल दाखवतो, तरी सोसायटीतून तक्रार येते की खिडक्या हलतात. मीटर चुकतो का? (गोत्री)

मीटर ‘ए’ पद्धतीने मोजतोय. त्या पद्धतीत 50 हर्ट्झचा आवाज तब्बल 30 डेसिबल कमी धरला जातो. मीटर ‘सी’ वर टाका, खरा बेस दिसेल. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांतल्या मर्यादा ‘ए’ मध्येच आहेत, निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45, आणि ध्वनिक्षेपकाला जागेच्या हद्दीवर त्याहून 10 जास्त किंवा 75, यांतले जे कमी ते. रात्री 10 ते सकाळी 6 बंदी; वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस सरकार ती 12 पर्यंत शिथिल करू शकते. पण खिडकी ‘ए’ बघून हलत नाही. सबचा आवाज 3-4 डेसिबलने उतरवा आणि 35 च्या खालचे कापा. गरबा खेळणाऱ्यांची पावले ढोलाच्या थापेवर पडतात. त्यांना फरक कळणार नाही, आजारी माणसाला कळेल.

प्रश्न : गायक बहुतेक काळी एकमध्ये गातात. त्यासाठी पाच तारांची बेस घ्यावी का? (अलकापुरी)

चार तारांवर काळी एकचा (सी शार्प) सर्वांत खालचा सा ‘ए’ तारेच्या चौथ्या फ्रेटवर, 69 हर्ट्झला मिळतो. पाच तारांवर त्याच्या खालचा, 35 चा मिळतो. तो सूर वाजवायला फार चांगल्या स्पीकरची गरज असते; लहान कॅबिनेटवर नुसता कागद हलेल. गाण्याला 69 चा सा पुरतो. पाचवी तार घ्या ती हात न सरकवता खालच्या सुरांना पोचण्यासाठी, खोलीसाठी नव्हे.

प्रश्न : दीड तासाने जोरात वाजवले की आवाज फाटतो, हळू वाजवले की ठीक. ॲम्प बिघडला का? (निझामपुरा)

बेस ॲक्टिव्ह (बॅटरीवाली) असेल तर आधी 9 व्होल्टची बॅटरी मोजा. उतरलेली बॅटरी जोरदार सुरांवरच दगा देते. 8 च्या खाली आली असेल तर बदला. केबल खोचलेली असली की बॅटरी खर्च होत राहते, वाजवा अथवा न वाजवा, म्हणून कार्यक्रम संपला की गिटारच्या बाजूची पिन काढून ठेवा. नवी बॅटरी घालूनही दीड तासानेच फाटत असेल, तर ॲम्पच्या मागच्या पंख्यावर हात धरून हवा येते का बघा. मैदानातली धूळ जाळीत बसून पंखा अडतो. ॲम्प बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशने ती जाळी साफ करा.